रीस्टोर केलेली गोल्ड स्टार घेताय? आधी चुंबक खिशात टाका

वाळूजला माझं लेथचं दुकान आहे, जुन्या इंग्लिश सिंगल-सिलिंडर मोटरसायकलींची कामं करतो. कुठे बीएसए गोल्ड स्टार विकायला निघाली की जालना-परभणीकडची पोरं फोटो पाठवतात, "काका, घेऊ का?" फोटोवरून मी सांगत नाही. पैसे टाकले की रंग आणि क्रोम कुठेही होतो.

आयल ऑफ मॅन बेटावरच्या १९५६ च्या क्लबमन टीटीच्या दोन्ही शर्यती या गाडीने मारल्या. तिला भाव आहे, म्हणून बीएसएच्याच साध्या बी३३ मॉडेलची गोल्ड स्टार करून विकणारेही आहेत. खऱ्या गाडीचा ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमचं. ब्लॉकला चुंबक चिकटलं तर तो लोखंडी, विषय संपला. नाही चिकटलं तर खाली बसून चेसिस बघा: स्विंगआर्मवाल्या गोल्ड स्टारला उजवीकडच्या खालच्या नळीत ऑइल पंपाच्या जागेपुरता बाक असतो. इंजिन नंबर ब्लॉकखाली डाव्या क्रँककेसवर, ५०० सीसीच्या शेवटच्या मॉडेलला डीबीडी३४ जीएसने सुरू होणारा; चेसिसचा सीबी३२ ने. "दोन्ही नंबर सेम आहेत" असं कोणी सांगितलं तर सावध व्हा, बीएसए ते वेगवेगळेच टाकायची. नंबरभोवती घासल्याच्या खुणा नखाने चाचपून बघा.

आता इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्यागेल्या ब्लॉकला हात लावा, थंडच हवा. इग्निशनचा लिव्हर रिटार्ड करा (ठिणगी जरा उशिरा पडते), डीकॉम्प्रेशर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, दाबून पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे घ्या, मग पूर्ण किक. सुरू झाली की ऑइल टाकीचं झाकण उघडून आत बघा. परतीच्या नळीतून तेल आधी सलग येतं, मग बुडबुड्यांसह तुटक. तुटक येणं बरोबर आहे, कारण इंजिनात तेल सोडणाऱ्या पंपापेक्षा परतीचा पंप जास्त ओढतो. तेल आलंच नाही तर लगेच बंद करा.

आयडलिंग नीट नाही म्हणून भाव पाडू नका. अमल जीपी कार्ब्युरेटर शर्यतीसाठी केलेला, आयडलिंगसाठी नाही. आरआरटी२ हा शर्यतीचा गिअरबॉक्स असेल तर पहिला गिअरही लांब असतो, उचलताना क्लच घसरवावा लागतो.

खरी परीक्षा पुढे. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा किक मारा. जुना ल्युकस मॅग्नेटो, म्हणजे प्लगसाठी ठिणगी तयार करणारा भाग, इथेच दगा देतो: थंड असताना ठिणगी चांगली, तापला की कंडेन्सर आणि वायंडिंग जवाब देतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. रीवाइंड केल्याचं बिल मागा. नुसता रंगवलेला मॅग्नेटो असेल तर तो खर्च धरूनच बोलणी करा.

नटांचे कोपरेही बघा. या गाडीला विटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे, पाने लागतात. मेट्रिक पान्याने गोल झालेले नट बाहेर दिसले तर आत कोणी हात घातला असेल, या विचाराने माझा जीव तुटतो.

कागदपत्रं शेवटी, पण पैशाआधी. दोन्ही नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते: फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. ती घेतली की रोज कंपनीत जायला गाडी काढता येत नाही, हे ठरवूनच अर्ज करा. आणि आरटीओत नाव बदलेपर्यंत पूर्ण रक्कम हातात ठेवू नका कोणाच्या.