कंडेन्सर बदलले आणि हम दुप्पट झाला

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून मी शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागलो, तेव्हाची गोष्ट. गणपतीच्या तोंडावर एका तालमीचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आला. बारीक हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं घूं, आणि फिल्टरचे (सप्लायचा चढउतार सपाट करणारे) दोन्ही कंडेन्सर डोक्यावर फुगलेले. मी हौसेनं छोटे-मोठे सगळे अठरा कंडेन्सर एका बैठकीत बदलले. चालू केला तर हम दुप्पट, आणि उजव्या बाजूच्या स्पीकरचा कोन पुढं ढकलून बसलेला.

मला वाटलं, कंडेन्सरच डुप्लिकेट आलेत. परत बदलले. मग ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) बदलला. आउटपुट ट्रान्झिस्टरला हात घालणार, तेवढ्यात मालक म्हणाले, "लेका, सकाळी चालत हुतं की हे. तू हात कुठं कुठं घातलास तेवढंच बघ."

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हम तेवढाच होता. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढं, सप्लायमध्ये किंवा अर्थमध्ये. आपली लाइन ५० हर्ट्झची. ब्रिजनंतर तिचा हम १०० हर्ट्झचा होतो, थोडा चिरका. कान बसला की ओळखू येतो. कंडेन्सरच्या पायापासून ब्रिजपर्यंत मीटरची बीप घेतली (वाट जोडलेली असेल तर मीटर वाजतो). एका बाजूला बीपच नाही. जुना पाय ओढताना प्रिंटची (बोर्डावरच्या तांब्याची) रिंग उचलली गेली होती. टाका दिसायला चकचकीत, पण कंडेन्सर सर्किटमध्ये नव्हताच! वायरचा तुकडा जोडला, हम गेला.

उजवा चॅनल जास्त शिकवून गेला. स्पीकर काढून आउटपुटला मीटर लावला तर दीड व्होल्ट डीसी. तिथं ५० मिलिव्होल्टच्या आत असावं. दीड व्होल्टनं स्पीकर लगेच जळत नाही, पण सप्लायचे पूर्ण ३५ व्होल्ट आले तर कॉइलचा धूर निघतो. स्टिरिओत एक फायदा असतो: चांगला चॅनल हाच आपला नकाशा. डावीकडचा प्रत्येक टाका उजवीकडच्याशी ताडत गेलो आणि फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग परत आत नेणाऱ्या वाटेवरच्या) ४७ मायक्रोफॅरड कंडेन्सरच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा थेंब सापडला. हा कंडेन्सर डीसी अडवतो, म्हणून डीसीला गेन (किती पट वाढतं ते) एक राहतो. तो शॉर्ट झाला की आतला किरकोळ ऑफसेटही (नको असलेला डीसी) तीस-चाळीस पट होऊन बाहेर येतो. उलट त्याचा पाय सुटला तर चॅनल वाजतो, पण अगदी मुंगीएवढा. तेही नंतर एकदा माझ्याच हातून झालं.

आता मी चार-चारच बदलतो आणि दर वेळी चालवून बघतो. गिऱ्हाईक घाई करतं, करू दे. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतो, कारण काही बोर्डांवर अधिकची खूण छापलेली असते, तर काहींवर वजाची बाजू काळी. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर (मधल्या तारेपासून दोन्हीकडं २४ व्होल्ट एसी) असेल तर डीसी जवळपास ३४ येतो, म्हणून ५० व्होल्टचाच कंडेन्सर घ्या. दुकानदारानं ३५ चा पुढं केला तर परत द्या. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढलेला आणि लाइनमध्ये सीरिजला ६० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर बटण बंद करा, प्लग काढा, १०० ओहम १० वॅटच्या रेझिस्टरनं मोठे कंडेन्सर रिकामे करा आणि मगच आत हात घाला. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून ते रिकामे करणारे दुकानात भेटतील. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकदा नीट बघून घ्या.