मेन बॅलन्स आपोआप कापला जातोय? या चुका टाळा

सकाळी दहा रुपयांचा टॉपअप मारला आणि दुपारपर्यंत मेन बॅलन्स शून्य. मधल्या वेळात एकही फोन केलेला नाही. मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही रिचार्जच्या दुकानात ही तक्रार ऐकायला मिळते. "बॅलन्स खंय गेलो?" असं विचारलं की दुकानदार हात वर करतो, गिऱ्हाईक कंपनीच्या नावानं चार शब्द बोलतं आणि पुन्हा दहाची नोट पुढे सरकवतं.

या पैशांची वाट शोधता येते. ते बहुतेक वेळा एखाद्या सशुल्क सेवेपोटी जातात: कॉलर ट्यून, क्रिकेटचे अपडेट, राशिभविष्य, गेम, नोकरीच्या बातम्या. अशा सेवेला तुमच्या संमतीशिवाय एक रुपयाही कापता येत नाही. संमती दिली नसेल तर सेवा बंद करून घेण्याचा आणि पैसे परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लोक हा हक्क गमावतात ते काही नेहमीच्या चुकांमुळे.

पैसे गेले की लगेच पुन्हा टॉपअप मारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मुंबईतला मुलगा आईच्या फोनवर दर महिन्याला, नाहीतर चौऐंशी दिवसांनी अनलिमिटेड पॅक मारतो. त्या पॅकमध्ये बोलणं आणि नेट येतं, पण मेन बॅलन्सचं खातं वेगळं असतं. सशुल्क सेवेचे पैसे कापले जातात ते या मेन बॅलन्समधून. तिथे शून्य असेल तर सेवा बंद होते असा बहुतेकांचा समज आहे, पण तसं होत नाही. ती नुसती थांबून राहते आणि पैसे आले की पुन्हा कापायचा प्रयत्न करते. काही सेवांमध्ये पूर्ण रक्कम नसेल तर कमी दिवसांची छोटी रक्कमही कापली जाते. म्हणून टॉपअप मारल्या मारल्या पैसे नाहीसे होतात. दुसरा टॉपअप म्हणजे त्याच सेवेचा पुढचा हप्ता.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दहाच्या टॉपअपवर बहुतेक कंपन्या ७ रुपये ४७ पैशांचाच टॉकटाइम देतात. बाकीचे पैसे जीएसटी आणि प्रोसेसिंग फीमध्ये जातात. ती फसवणूक नाही, त्यामुळे तिच्यासाठी तक्रारीत वेळ घालवू नका.

आधी सेवा बंद करा, मग हवा तर टॉपअप मारा. त्यासाठी सर्व कंपन्यांना समान असलेला टोल फ्री क्रमांक आहे १५५२२३. ज्या नंबरचे पैसे कापले जातायत त्याच फोनवरून तो लावायचा. चालू असलेल्या सेवा सांगितल्या जातात आणि तिथेच बंद करता येतात. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज येते-जाते, मेन्यू ऐकता ऐकता फोन कट होतो आणि माणूस कंटाळून सोडून देतो. अशा ठिकाणी त्याच क्रमांकावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'स्टॉप' एवढाच मेसेज पाठवणं सोपं पडतं. उत्तरात जे येईल ते वाचून पुढचा पर्याय पाठवा आणि सेवा बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा.

"मी तर कधी हो म्हटलंच नाही" एवढ्यावर थांबणं

ज्येष्ठ माणसं हे अगदी मनापासून सांगतात आणि ते खरंच असतं. पण फोनवर 'हो' अनेक वाटांनी नोंदवलं जातं. त्या वाटा माहीत नसतील तर एक सेवा बंद केल्यावर आठवड्याभरात दुसरी चालू होते.

जुनी वाट म्हणजे स्क्रीनवर अचानक उमटणारी चौकट. ती सिमकार्डमधूनच येते, म्हणून साध्या कीपॅडच्या फोनवरही दिसते. खाली 'ओके' आणि 'कॅन्सल' असतं. चष्मा नसतो, चौकट घालवायची असते, म्हणून बोट ओकेवर पडतं. फोनमध्ये 'सिम टूलकिट' नावाचा मेन्यू असतो. त्यात कंपनीच्या नावाखाली हे फ्लॅश मेसेज बंद करायची सोय बहुधा मिळते. आईवडिलांच्या फोनवर हे एकदा कराच.

दुसरी वाट कॉलर ट्यूनची. समोरच्याची ट्यून वाजत असताना स्टार दाबलं की तीच ट्यून आपल्याला लागते. फोन कानाला धरून ठेवला की गालानं किंवा अंगठ्यानं स्टार दाबला जाणं काही अवघड नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे फोनही येतात: अमुक ऐकण्यासाठी एक दाबा. मे महिन्यात नातवंडं आली की आजीचा फोन त्यांच्याच हातात असतो, आणि मुलांना बटण दाबायला कारण लागत नाही.

सगळ्यात न कळणारी वाट मोबाइल डेटाची. शहरात बऱ्याच घरांत वायफाय असतं. आपल्याकडे वाड्या-वाड्यांतून लोकांचा भरवसा सिमच्या नेटवरच. मोबाइल डेटावरून एखादं पान उघडलं की कंपनीला तुमचा नंबर आपोआप कळलेला असतो, तो टाइप करावा लागत नाही. डबलबारीचा किंवा दशावताराचा व्हिडिओ शोधता शोधता कुठल्या तरी पानावर मोठं हिरवं 'प्ले' किंवा 'डाउनलोड' दिसतं. ते खोटं असतं, त्याच्यामागे सेवेचं बटण लपलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत दर दिवसाचा दर लिहिलेला असतो. तो कुणी वाचू नये असाच लिहिलेला असतो, आणि मला याचा मनस्वी राग आहे. भारत सरकारच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून बटण दाबायला लावणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा स्पष्टपणे आहे.

चौथी वाट ॲपची. 'जोकर' किंवा 'ब्रेड' नावानं ओळखलं जाणारं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) नेमकं हेच करायचं. फोटोचं, वॉलपेपरचं, मेसेजचं साधं ॲप दिसायचं, पण आत सशुल्क सेवेची नोंदणी करून आलेला ओटीपीसुद्धा तेच वाचायचं. गुगलनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की अशी १,७०० ॲप्स त्यांनी प्ले स्टोअरवरून हटवली आहेत. म्हणजे 'प्ले स्टोअरवरचंच आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या खाली विशेष ॲप ॲक्सेस असा भाग असतो. तिथे 'प्रीमियम एसएमएस' आणि 'नोटिफिकेशन ॲक्सेस' या दोन याद्या बघा. टॉर्चच्या किंवा कॅलेंडरच्या ॲपला यांपैकी कशाचीही गरज नसते.

ॲप काढलं म्हणजे सुटलो असं समजणं

ॲप फोनमध्ये असतं, सेवा कंपनीच्या खात्यावर असते. ॲप काढून टाकलं, फोन फॉरमॅट केला, नवा फोन घेतला, तरी तेच सिम असेल तर कापणं चालू राहतं. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनचंही तसंच आहे: प्रोफाइलमधल्या 'पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करावं लागतं. यूपीआयवर 'एक रुपयात ट्रायल' घेतली असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या (आपोआप पैसे देण्याच्या) यादीत तो आदेश जिवंत असतो. तिथले पैसे मेन बॅलन्सचे नसून बँकेतले असतात, रकमाही मोठ्या असतात, म्हणून ती यादी आधी उघडा.

१९०९ वर डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब') लावलं की सगळं थांबेल हाही गैरसमज आहे. डीएनडीनं जाहिरातींचे फोन आणि मेसेज कमी होतात, आणि ते लावावंच. पण आधीच चालू झालेली सेवा त्यानं बंद होत नाही.

मेसेज पुसून टाकणं

इनबॉक्स भरला की आपण सगळं एकदम डिलीट करतो. सेवा चालू झाल्याचा, नूतनीकरणाचा आणि पैसे कापल्याचा मेसेज त्यातच असतो. हा तुमचा पुरावा. स्क्रीनशॉट काढा. साधा फोन असेल तर दुसऱ्या फोननं फोटो घ्या. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. आता या नावांच्या शेवटी एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. कंपनीच्या नावानं मेसेज आला आणि शेवटी पी असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय. त्यातल्या लिंकवर जायचं कारण नाही.

मेसेज पुसले गेले असतील तरी मार्ग आहे. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशोब मागता येतो आणि कंपनीला त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. कुठल्या तारखेला कुठल्या सेवेचे किती गेले ते त्यात कळतं. पोस्टपेडवाल्यांनी बिलातली मूल्यवर्धित सेवांची, म्हणजे याच सशुल्क सेवांची, ओळ दर महिन्याला वाचावी.

तक्रार दुकानदाराकडे करून घरी येणं

तिठ्यावरचा दुकानदार आपला माणूस असतो, मदतही करतो, पण त्याच्याकडे केलेल्या तक्रारीची नोंद कुठेच होत नाही. तक्रारीसाठी १९८ लावायचा. फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यायचा आणि कॅलेंडरवर तारखेसकट लिहून ठेवायचा. डॉकेट नंबर नसेल तर पुढच्या पायरीवर तुमच्या हातात काहीच नसतं. पैसे कापले गेल्यापासून २४ तासांच्या आत तक्रार केलीत तर परताव्यासाठी तुमची बाजू सगळ्यात भक्कम असते. म्हणून "बाजार करून आलो की बघू" असं करू नका.

काय बोलायचं तेही ठरवून घ्या. "माझे पैसे गेले" म्हटलं की पलीकडून "सेवा बंद केली आहे" एवढंच उत्तर येतं आणि फोन संपतो. तुम्ही विचारा: ही सेवा कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या मार्गानं चालू झाली? माझी दुसरी संमती कुठे आहे? ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, १० जुलै २०१३ च्या निर्देशानुसार मूल्यवर्धित सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते: एकदा मागणी आणि मग पुन्हा खात्री. ग्राहक गप्प राहिला तर तो होकार धरता येत नाही. हा एक प्रश्न नीट विचारला की संभाषणाचा सूर बदलतो.

कोकणात इथे एक खास अडचण येते. आई राहते गुहागरला नाहीतर देवगडला, पण सिम घेतलेलं असतं मुंबईत, मुलाच्या आधारवर. फोन आईच्या हातात, कागदोपत्री ग्राहक मुलगा. कस्टमर केअर नाव, जन्मतारीख, पत्ता विचारतं, आई स्वतःचं सांगते, उत्तर जुळत नाही आणि तक्रार तिथेच अडते. यावर सोपा उपाय म्हणजे मुलाला कॉन्फरन्सवर घ्यायचं, किंवा त्यानं नोंदवलेल्या ईमेलवरून लेखी तक्रार करायची. दुसरं, मुंबईचं सर्कल (कंपनीचा सेवा विभाग) वेगळं आणि महाराष्ट्र-गोवा सर्कल वेगळं. तक्रारीचं उत्तर पटलं नाही तर करायचं ते अपील कुठल्या सर्कलच्या प्राधिकरणाकडे करायचं ते सिमवर ठरतं, तुम्ही राहता कुठे यावर नाही. मुंबईच्या सिमचं अपील महाराष्ट्राच्या पत्त्यावर पाठवलं तर महिना फुकट जातो. पुढच्या गणपतीत घरी याल तेव्हा सिम आईच्याच नावावर करून द्या.

तक्रारीचं उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ईमेलनंही चालतं. डॉकेट नंबर, पुरावे आणि किती पैसे परत हवेत एवढं लिहायचं. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्रायला पत्र लिहून वाट पाहत बसू नका. ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

आणि कस्टमर केअरचा नंबर कधीही इंटरनेटवर शोधून लावू नका. शोधात वर दिसणारे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. "पैसे परत करतो, हे ॲप टाका, हा ओटीपी सांगा" म्हणतात आणि सात रुपयांच्या शोधात बँकेतलं खातं रिकामं होतं. तसं झालं तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

परदेशी नंबरचा मिस्ड कॉलही पैसे खातो. नंबर +९१ नं सुरू होत नसेल आणि तिकडे आपलं कुणी नसेल, तर उलट फोन करू नका, आयएसडीचा दर लागतो. घरचं कुणी जहाजावर असेल तर आधी त्याच्या व्हॉट्सॲपवर विचारा. आयफोनमध्ये नवं सिम घातलं की आयमेसेज (ॲपलची मेसेज सेवा) सुरू करण्यासाठी फोन स्वतःच परदेशी एसएमएस पाठवतो. तो खर्च सशुल्क सेवेचा नाही, पण बॅलन्स मात्र कमी होतो.

अपीलमध्येही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तो प्रश्न निकालात काढला: ग्राहक आयोगाकडे जाता येतं. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा आयोग आहेत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावरच्या तक्रारीला फी शून्य आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलून नोंद करता येते. पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावरच पैसे परत करतात.