मळणीच्या दिवसात सायलेन्सरचा दिवा लागला तर काय करायचं

ज्वारीची काढणी उरकत आलीये, मळणी मशीन लागलीत, उसाच्या शेवटच्या खेपा कारखान्याला चालल्यात आणि सोलापूरचं ऊन आत्ताच भाजायला लागलंय. दरवर्षी बघतोय, ह्याच दिवसात नव्या गाड्यांच्या मीटरवर पिवळे दिवे लागतेत आणि आपण कामाच्या घाईत तसंच रेटतो. म्हणून ह्यावेळचा सल्ला बियाणं-खताचा नाही, सायलेन्सरचा आहे.

आधी बघा तुमची गाडी धुराच्या नव्या नियमातली आहे का. १ एप्रिल २०२० पासून नव्या पिकअप-ट्रकला बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला तसाच ट्रेम-४. त्याखालचा साधा ट्रॅक्टर असेल तर ह्यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, पण दारात पिकअप असेल तर वाचाच.

डिझेल जळलं की काजळी निघते. ती अडवायला बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. जाळीच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक अशा दोन बारीक नळ्या निघतात आणि एका छोट्या सेन्सरला जाऊन मिळतात. दोन्हीकडच्या दाबात फरक वाढला की गाडीचा कॉम्प्युटर समजतो की जाळी भरली, मग तो जादा डिझेल सोडून आतली काजळी जाळून टाकतो, त्यावेळी आत ६०० डिग्रीच्या आसपास गरम होतं आणि त्यावर लक्ष ठेवायला टेंपरेचर सेन्सर वेगळे असतात. पण हे व्हायला सायलेन्सर आधी तापलेला पाहिजे. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून तासतासभर इंजिन नुसतं चालू ठेवलं तर सायलेन्सर थंडच राहतो आणि काजळी साठत जाते. नंबर लांब असेल तर सरळ बंद करा, डिझेलही वाचतं.

आमच्या पिकअपला गेल्या वर्षी जाळीचा दिवा सारखा लागायचा. हायवेला पळवून आणली तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. एक मिस्त्री म्हणाला जाळीच कापून काढू, कटकट मिटेल. मी थांबलो ते बरं झालं, कारण दुसऱ्याने खाली झोपून बॅटरी मारली तर सेन्सरला जाणारी रबरी नळी उंदराने कुरतडलेली, गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावत होतो ना. बोटभर नळी बदलली आणि दिवा गेला. त्यामुळं कुणी जाळी कापू म्हटलं की आधी नळ्या आणि वायरी बघायला सांगा. जाळी काढणं कायद्यातही बसत नाही आणि ती काजळी मग आपल्याच पोरांच्या छातीत जाते.

जाळीचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर घाबरू नका, पिकअप मोकळ्या रस्त्याला वीस-तीस मिनिटं एकसारख्या स्पीडने चालवा आणि मधेच बंद करू नका. जाळी असलेल्या ट्रॅक्टरच्या काही मॉडेलमध्ये उभ्या जागी काजळी जाळायचं बटण असतं. आता हे नीट ऐका, हे बटण खळ्यावर, कडब्याजवळ किंवा पाचटात उभं राहून कधीही दाबू नका. त्यावेळी सायलेन्सरमधून निघणारी हवा वाळला कडबा पेटवू शकते, वर्षभराची वैरण जाईल. मोकळ्या मुरमावर उभा करा, पोरं-जनावरं लांब ठेवा, पूर्ण होईपर्यंत इंजिन बंद करू नका. सारखं मधेच बंद केलं तर जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर तेच समजा आणि ऑइल बदला. दिवा ब्लिंक व्हायला लागला किंवा ओढ कमी झाली तर मात्र शोरूम गाठा. आणि लाल दिवा लागला की जिथं आहे तिथंच बंद.

आता डीईएफ, ज्याला ड्रायव्हर लोकं नुसतं युरिया म्हणतात. ज्या गाडीला ह्याची वेगळी टाकी आहे तिथं धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारायला ते फवारलं जातं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. खताच्या ४५ किलोच्या पिशवीतला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकायचा जुगाड काही जण सांगतात, कृपा करून करू नका. तो युरिया निंबोळी तेल लावलेला असतो आणि आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला सुद्धा पांढरा थर बसतो, फवारा चोंदायला किती वेळ लागणार. शिवाय गाडीला कळतंच, कारण बऱ्याच टाक्यांत क्वालिटी सेन्सर असतो आणि धुराच्या वाटेवर ते विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर. वायू कमी झाले नाहीत की आधी दिवा, मग ओढ कमी, आणि काही गाड्या तर एकदा बंद केल्या की परत चालूच होत नाहीत. मालाने भरलेली गाडी बाजार समितीच्या रांगेत अशी अडकली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडं एप्रिल-मेला पारा ४० च्या वर असतो आणि डीईएफला ३० च्या वर जास्त दिवस ठेवलं की ते खराब व्हायला लागतं. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात सावलीला ठेवा, लागेल तेवढंच आणा, तारीख बघा. डिझेलचं नरसाळं त्याला लावू नका. चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं तर किल्ली सुद्धा फिरवू नका, तसंच मेकॅनिक बोलवा.

मळणी झाल्यावर भुसकट काढताना गरम सायलेन्सरवर गार पाण्याचा प्रेशर मारू नका, नॉक्स सेन्सरचा आतला भाग सिरॅमिकचा असतो, तडकतो. संध्याकाळी गार झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं भुसा उडवा आणि जाता जाता त्या दोन नळ्यांवर एकदा बॅटरी मारा.