तरुणांच्या कलापथकाला पाठबळ देताना

सोलापुरात जातिभेद, धर्मद्वेष किंवा वंशभेदाविरुद्ध पथनाट्ये आणि गाणी बसवणाऱ्या तरुणांना मदत करण्याची इच्छा असेल, तर पहिल्या भेटीत पैशांचा विषय काढू नये. त्यांच्या दोन-तीन तालमींना जाऊन नुसते बसावे. या शहरात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि म्हणूनच पथकात भूमिका कशा वाटल्या जातात याकडे लक्ष द्यावे. ज्याचे मराठी 'शुद्ध' त्याला सूत्रधार आणि ज्याच्या बोलण्यात तेलुगू हेल येतो त्याला विनोदी नोकर, अशी वाटणी नकळत होत असेल, तर समतेवरच्या नाटकातच विषमता शिरलेली असते. हे दिग्दर्शकाला एकांतात सांगावे, सर्वांसमोर नव्हे.

सेटलमेंट भागातील मुले पथकात असतील, तर अधिक जपावे लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवले, त्यांना डांबून ठेवण्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी वस्तीचे नाव आणि त्यासोबतचा संशय मागे राहिला. देणगीदारांपुढे आजोबांचे दुःख सांगण्याची सक्ती या मुलांवर कधीही होऊ नये. त्यांना प्रेमकथा करायची असेल, तर ती करू द्यावी. कोणत्या विषयावर बोलायचे हे ठरवण्याचा अधिकार हाही समतेचाच भाग आहे.

पैशांपेक्षा जागेची अडचण मोठी असते. संध्याकाळी रिकामी राहणारी शाळेची खोली किंवा समाजमंदिर सहा महिन्यांसाठी लेखी परवानगीने मिळवून देणे, हे ओळखीपाळखी असलेल्या माणसाला सहज जमते आणि विशीतल्या मुलांना हेलपाटे घालूनही जमत नाही. तालमीची वेळ मात्र मुलींना विचारूनच ठरवावी. विडी कामगारांच्या घरातील मुलीला आईसोबत दिवसाच्या हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, आणि अंधार पडल्यावर घरी परतण्यासाठी रिक्षाचे भाडे नसेल, तर तिचे नाव पथकातून हळूच गळते. म्हणून खर्चाच्या अंदाजात हे भाडे सर्वांत वर लिहावे.

आर्थिक मदत एकदाच मोठी देण्याऐवजी वर्षभर दरमहा ठरावीक द्यावी. (शाल, श्रीफळ आणि फ्लेक्सवर जे उडते, त्यात कित्येकदा महिन्याभराचा चहा-नाश्ता निघतो.) पथकाची स्वतःची नोंदणी नसल्यास विश्वासातील नोंदणीकृत न्यासामार्फत रक्कम द्यावी आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. त्या संस्थेला देणगीदाराच्या आयकर सवलतीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०जी) असली, तरी २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. तेव्हा धनादेश किंवा ऑनलाइन व्यवहार बरा. अठरा वर्षांखालील मुले असतील, तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याआधी पुन्हा विचारावे.

चौकातील प्रयोगासाठी पोलिसांची परवानगी आधीच मागावी. चार हुतात्म्यांचे पुतळे असलेल्या चौकासारखी जागा मुलांना साहजिकच हवी असते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकत्र फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही नावे सलग वाचली, तरी निम्मे नाटक होते. परंतु वाहतुकीच्या आवाजात संवाद बुडतात. वस्तीतील देवळापुढचे किंवा दर्ग्याजवळचे पटांगण अधिक उपयोगी पडते, मात्र तेथील मंडळींना आधी भेटावे.

प्रयोग बोचला, तर तक्रार बहुधा मुलांकडे न येता पाठीराख्याकडे येते. अशा वेळी संहिता कापण्याचा सल्ला देऊ नये. तक्रार करणाऱ्यांना पुढच्या प्रयोगाला बोलवावे, त्यांच्या शेजारी स्वतः बसावे आणि प्रयोगानंतरच्या चर्चेत उत्तर देण्याचे काम मुलांवर सोडावे.