शाळेची यादी आणि हिरवे ठिपके : अमेरिकेतील कॉलेज प्रवेशात या चुका टाळा

सप्टेंबर संपत आला, की न्यू जर्सीतील आमच्या घरचा फोन वाजू लागतो. पलीकडे बारावीतल्या मुलाचे आईवडील असतात. बहुतेक जण पुण्या-मुंबईहून इंजिनिअर होऊन इकडे आलेले असतात, मुलाला चुरशीच्या खासगी शाळेत घातलेले असते, आणि चार वर्षांच्या फीचे फळ नेमके कोणत्या कॉलेजच्या रूपाने पदरात पडणार, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. हा माझा व्यवसाय नाही. माझ्या दोन मुलांचे प्रवेश झाले, त्यात मी स्वतः भरपूर चुका केल्या, आणि पुढे ओळखीच्या मुलांचे अर्ज वाचता वाचता हे काम अंगाला चिकटले. या गोष्टीला तेरा वर्षे झाली. त्याच त्या चुका पाहून मी आता वैतागलो आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे सूर कडक लागला तर वाचक समजून घेतील.

शाळेच्या यादीला हमी समजणे

खासगी शाळांच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर एक यादी असते. गेल्या चार-पाच वर्षांत आमची मुले कोणत्या कॉलेजांत गेली, हे तिच्यात वर्णानुक्रमे छापलेले असते आणि प्रत्येक नावापुढे आकडा असतो. आईवडील आधीची पंधरा पाने न वाचता थेट तिथे पोचतात.

माझ्या एका मित्राने हेच केले. मुलगी आठवीत होती, गावातली सरकारी शाळा उत्तम होती, पण त्या यादीत आयव्ही लीगमधल्या, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या, एका विद्यापीठापुढे १४ हा आकडा होता. न्यूयॉर्क परिसरातील कित्येक खासगी शाळांची वार्षिक फी ५० हजार डॉलरच्या वर गेलेली आहे, आणि ही शाळा त्यांतलीच होती. मित्राने कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला. त्याची बायको मला म्हणाली, "भावजी, तुम्ही एकदा बघून सांगा, यांना आता कोणाचे ऐकूच येत नाही."

मी पेन्सिल घेऊन बसलो. यादी पाच वर्षांची होती. एका वर्गात साधारण १२० मुले, म्हणजे पाच वर्षांत ६००. त्यांतली १४ म्हणजे शंभरात अडीचसुद्धा नव्हेत. नंतर मी त्याला विचारले, की या चौदांपैकी किती जणांचे आईवडील त्याच विद्यापीठातून शिकले असतील? किती जण नौकानयन, तलवारबाजी किंवा स्क्वॅशच्या प्रशिक्षकाने आधीच हेरलेले असतील? तो गप्प बसला.

हा माझा तर्कटपणा नव्हता. प्रवेशांत आशियाई मुलांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डवर भरलेल्या खटल्याची सुनावणी २०१८ साली बोस्टनला झाली, तेव्हा विद्यापीठाचे आतले आकडे उघड झाले. खेळासाठी निवडलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना प्रवेश मिळत होता. त्याच काळात सर्व अर्जदारांसाठी हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. अशा मुलांची दाटी खासगी शाळांतच अधिक असते. म्हणजे यादीतल्या बऱ्याच जागा घरातूनच आलेल्या असतात, शाळा फक्त वाटेत लागलेली असते. आपण पहिल्या पिढीचे स्थलांतरित. आपला माजी विद्यार्थी असण्याचा हक्क सीओईपीत किंवा व्हीजेटीआयत चालला तर चालेल, तो येथे कोण विचारतो?

शाळेचा काहीच उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो अशा बारा ठिकाणच्या प्रवेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेतले गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तेथे पोचतात, असे त्यांना आढळले. त्यामागची तीन कारणे त्यांनी दाखवली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे वरचे गुण. या तिसऱ्या कारणात खासगी शाळेचा हात असतो. तिथल्या कौन्सेलरकडे, म्हणजे प्रवेशांचे मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाकडे, मुले थोडी असतात, त्यामुळे त्याचे शिफारसपत्र त्या एका मुलाविषयी असते, सर्वांना लागू पडेल असे गुळगुळीत नसते. शाळा एवढे देते, आणि एवढ्यासाठी फ्लॅट विकायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझी सवय अशी आहे, की यादी हातात आली की पहिल्यांदा तिचा मथळा वाचायचा. ‘प्रवेश मिळाला’ असे लिहिले असेल तर एकच हुशार मुलगी सहा कॉलेजांपुढे सहा वेळा मोजलेली असू शकते; ‘प्रवेश घेतला’ असे असेल तर मोजणी प्रामाणिक आहे. नंतर वर्षे मोजायची, वर्गातल्या मुलांच्या संख्येने भागायचे, आणि शाळेच्या भेटीत एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या वर्गातला मधला मुलगा कुठे जातो? या प्रश्नावर जी शाळा हसून विषय बदलते, तिची फी भरताना मी दहादा विचार करीन.

मित्राने अखेर फ्लॅट विकलाच. मुलगी चार वर्षांनी रटगर्स या न्यू जर्सीच्याच सरकारी विद्यापीठात गेली, जिथे ती सरकारी शाळेतूनही गेली असती. ती आता फार सुंदर लिहिते आणि त्याचे श्रेय ती त्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना देते. मित्र अजून फ्लॅटचाच हिशेब करतो.

हिरव्या ठिपक्यांवर विश्वास ठेवून अर्ली डिसिजन टाकणे

नेव्हिअन्स आणि स्कोर ही शाळांनी घेतलेली सॉफ्टवेअर आहेत. त्यांत एखाद्या कॉलेजचे नाव टाकले की आपल्या शाळेच्या जुन्या अर्जदारांचा आलेख उघडतो. एका रेषेवर सॅटसारख्या प्रवेशपरीक्षेचे गुण, दुसरीवर वर्गातले गुण, प्रवेश मिळालेल्यांचे ठिपके हिरवे आणि नकार मिळालेल्यांचे लाल. आपल्यासारख्यांना हा आलेख म्हणजे माहेरच वाटतो, कारण तो कट-ऑफसारखा दिसतो. कॅप राउंडमध्ये पर्सेंटाइल कळले की कॉलेज कळते, हे आपल्या हाडात मुरलेले आहे, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते.

माझा भाचा अशाच एका शाळेत होता. सॅट १६०० पैकी १५४०, वर्गातले गुण उत्तम. त्याच्या ठिपक्याच्या आसपास सात हिरवे ठिपके आणि एकच लाल ठिपका होता. आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो आलेख छापून ठेवला होता, त्यावर चहाचे डागही पडले होते, आणि ते हिरवे ठिपके मी स्वतः बोटाने मोजले होते, म्हणून ही चूक त्याची जितकी तितकीच माझीही. १ नोव्हेंबरला त्याने त्या कॉलेजला अर्ली डिसिजनने अर्ज केला. हा अर्ज बांधून घेणारा असतो; विद्यार्थी, पालक आणि कौन्सेलर तिघांची सही लागते, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आले : निर्णय पुढे ढकलला आहे. मार्चअखेर नकार आला.

नंतर कौन्सेलरने एवढेच सांगितले, की ठिपक्याला नाव नसते. त्याचा अर्थ कळायला आम्हाला वेळ लागला नाही. त्या सातांत कोण खेळाडू होते, कोणाचे वडील तिथले होते, हे आलेखात दिसत नाही. प्रवेश अधिकारी बहुधा विभागवार नेमलेले असतात आणि एका शाळेचे अर्ज तोच माणूस वाचतो. त्या वर्षी भाच्याच्या वर्गातल्या आणखी नऊ जणांनी तिथेच अर्ज केले होते, हेही आलेखात नव्हते. चुरशीच्या शाळेतल्या मुलाची तुलना आधी शेजारच्या बाकावरच्याशी होते आणि जगाशी नंतर, ही गोष्ट तेव्हा मला कोणी सांगितली असती तर मी ऐकली असती का, याची मला शंकाच आहे.

त्याहून मोठे नुकसान वेगळेच झाले. हिरव्या ठिपक्यांच्या भरवशावर त्याने इतर कॉलेजांचे निबंध लिहिलेच नव्हते. नियमित अर्जांची तारीख बहुतेक ठिकाणी १ जानेवारीच्या आसपास असते. निर्णय लांबल्याचे सुतक पाळत त्या मुलाने नाताळच्या सुट्टीत अकरा कॉलेजांचे निबंध लिहिले, आणि ते तसेच उतरले. तेव्हापासून माझा नियम आहे, की अर्ली अर्ज कुठेही केलेला असो, उरलेले सर्व निबंध १ डिसेंबरच्या आत लिहून ठेवायचे. अर्लीचा होकार आला तर ते फुकट जातील. जाऊ द्यावेत. ‘आधी उत्तर येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या मुलांचे अर्ज मी वाचायला घेत नाही.

आलेखापेक्षा मी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता उघडतो. बहुतेक कॉलेजे तो दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्याच्या सी ७ या भागात कॉलेजने स्वतःच लिहिलेले असते, की गुण, निबंध, शिफारसपत्रे, माजी विद्यार्थ्याशी नाते यांपैकी कशाला किती महत्त्व आहे. हा तक्ता रूक्ष आहे, म्हणून कोणी वाचत नाही, आणि वाचल्यावर अर्धी दिवास्वप्ने तिथेच संपतात, म्हणूनही वाचत नाही.

नियम राज्यागणिक बदलतात, हे विसरणे

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी फी भरण्यापूर्वी एक कायदा वाचावा. १९९७ च्या त्या कायद्याने तिथल्या सरकारी विद्यापीठांत शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही रेषा कडक होत होत २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्क्यांवर आली आहे. जी मुलगी घराजवळच्या शाळेत पहिल्या पाचात असती, ती अटीतटीच्या शाळेत विसावी येते आणि तो हक्क गमावते. कॅलिफोर्नियातही आपल्याच शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांत असण्याला यूसीकडे, म्हणजे राज्याच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, महत्त्व आहे. शिवाय यूसी सॅटचे गुण पाहतच नाही, त्यामुळे १५८० घेऊन तिथे अर्ज करणाऱ्याने ते गुण फ्रेम करून भिंतीवर लावावेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. अकरावीत शाळा बदलणे. करू नका. नव्या कौन्सेलरला मूल ओळखू येईपर्यंत शिफारसपत्राची वेळ येते.

शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, नाहीत म्हणून घाबरणे. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी २०१८ साली एपी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. शाळा प्रत्येक अर्जाबरोबर आपले दोन-तीन पानी प्रोफाइल पाठवते आणि कोणते विषय उपलब्ध आहेत ते त्यात लिहिलेले असते. जे शाळेत नाही ते का घेतले नाही, असे मुलाला कोणी विचारत नाही. मुलाला चोरून बाहेर पाच एपी परीक्षांना बसवणारे पालक मी पाहिले आहेत. त्या मुलांच्या डोळ्यांखालची वर्तुळेही पाहिली आहेत.

बापाने निबंध लिहिणे. कॉमन अॅप हा अनेक कॉलेजांना चालणारा ऑनलाइन अर्ज आहे, आणि त्यावरचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. वर्षानुवर्षे ऑफिसात ईमेल लिहिलेल्या माणसाचे वाक्य सतरा वर्षांच्या पोराच्या निबंधात दडत नाही, पहिल्या ओळीतच ओळखू येते. मी निबंध मोठ्याने वाचायला लावतो. मुलगा जिथे अडखळतो, ते वाक्य घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी असते.

उन्हाळ्यात संस्था काढणे. दहावीच्या सुट्टीत साताऱ्याजवळच्या आजोळच्या गावी वह्या वाटल्या, फोटो काढले, वेबसाइट केली आणि मुलगा संस्थापक झाला. असे अर्ज माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन येतात. कॉमन अॅपमध्ये उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे मिळतात. चार वर्षे दर शनिवारी मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या मुलीला ती अक्षरे पुरत नाहीत. संस्थापकाला ती भरताना घाम फुटतो.

कौन्सेलरला पालकांनी रोज ईमेल करणे. त्याला तुमच्या मुलाविषयी पत्र लिहायचे आहे, हे लक्षात ठेवावे.

होकार आल्यावर अभ्यास सोडणे. जूनमध्ये शाळा अंतिम गुणपत्रक पाठवते, आणि प्रवेशपत्रात अभ्यासाचा दर्जा टिकवण्याची अट लिहिलेली असते, जी आनंदाच्या भरात कोणी वाचत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाला शेवटच्या सत्रात कॅल्क्युलसमध्ये डी मिळाला. जुलैत, आईवडील बॅगा भरत असताना, कॉलेजचे पत्र आले, की हे कसे घडले ते लेखी कळवावे. पत्र चार ओळींचे होते. त्याला उत्तर लिहायला आम्हाला तीन रात्री लागल्या, आणि प्रवेश कायम असल्याचे कळायला आणखी दोन आठवडे.