गावातून बुद्धिबळाच्या टूर्नामेंटला जायचं असेल तर

दारव्हा तालुक्यात आमचं गाव आहे, मी कृषी केंद्रात कामाला आहे, आणि खरीप-रब्बीच्या गर्दीतून जमेल तसं सात वर्षांपासून टूर्नामेंट खेळून राहिलो. यवतमाळ, अमरावती, वर्धा, आणि वर्षातून एखाद वेळा नागपूर. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं तिकडे जॉर्जियात बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला आणि त्यातूनच ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून दुकानावर बियाणं घ्यायला आलेला माणूसही विचारते, "भाऊ, आमच्या पोट्ट्याले कुठी न्या लागते? अन् मी सोता खेळू शकतो काय?" हो, खेळू शकता, वयाची काही अट नाही. मी पहिली टूर्नामेंट खेळलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

आधी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते. आपल्याकडे पारावर बसून खेळणारे लोक चांगले खेळतात, खरंच चांगले, पुढच्या चार-पाच चाली सहज पाहतात, पण हॉलमध्ये गेले की पहिल्या तीन-चार फेऱ्या अशा गोष्टींनी हरतात ज्याचा चालींशी काही संबंध नसते. हात लावण्यानं, घड्याळानं, न बोललेल्या शहानं. आणि या गोष्टी शिकायला कोणता कोच लागत नाही, पैसे लागत नाहीत, गावातच दोन महिन्यांत होतात.

मी खेळ शिकलो मारोतीच्या पारावर, आमच्या आबांकडून, आणि तिथं देशी नियम चालायचे. प्यादं एकच घर चालणार, किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, राजाला शह लागलेला नसेल तर एकदा घोड्याची चाल, आणि प्यादं शेवटच्या घरात गेलं की ज्या मोहऱ्याचं ते घर तेच मोहरं मिळणार. तुमच्या गावात अजून असंच चालत असेल तर आधी हे चार बदल डोक्यात बसवा. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकते. किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा, दोन घरं सरकवायचा, मग त्याच हातानं हत्ती. आधी हत्तीला हात लावला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. प्यादं शेवटच्या ओळीतल्या कोणत्याही घरात पोचलं तरी वजीर घेता येते, पहिला वजीर पटावर असला तरी. आणि इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, दुसरा वजीर जवळ नसला म्हणून हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणायची आपली जुनी सवय आहे, टूर्नामेंटमध्ये उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. घड्याळ थांबवा, आर्बिटरला (म्हणजे पंचाला) बोलवा, वजीर मागा, मग चाल पूर्ण करा.

चौथा बदल म्हणजे एन पासान. देशी खेळात प्यादं दोन घरं चालतच नाही म्हणून हा प्रकारच नाही, आणि मी यवतमाळला माझ्या दुसऱ्याच डावात यात सापडलो. माझं प्यादं दोन घरं टाकलं, ते समोरच्याच्या प्याद्याच्या बाजूला जाऊन थांबलं, आणि त्या मुलानं ते उचलून घेतलं, त्याचं प्यादं तिरपं माझ्या मागच्या घरात. मी हात वर करून आर्बिटरला बोलावलं की यानं चुकीची चाल केली. आर्बिटर सरांनी शांतपणे समजावलं की दोन घरं चाललेलं प्यादं एकच घर चाललं असं धरून समोरच्याचं बाजूचं प्यादं ते मारू शकते, पण लगेच पुढच्याच चालीत, नंतर नाही. त्यानंतर तो डाव मला सुचलाच नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून हे इतकं खुलासेवार लिहून राहिलो.

आता शह. पारावर शह दिला की तोंडानं "शह" म्हणतात, नाही म्हटलं तर भांडण होते. हॉलमध्ये कोणी बोलणार नाही, बोलायची गरजही नाही. तुम्हाला शह दिसला नाही आणि तुम्ही दुसरीच चाल करून घड्याळ दाबलं, तर ती नियमबाह्य चाल. पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, त्याच डावात दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. हा दोन मिनिटांचा हिशोब रॅपिड (कमी वेळेचे डाव) आणि स्टँडर्डचा (लांब डाव) आहे, ब्लिट्झमध्ये (अगदी झटपट डाव) एकच मिनिट मिळते. तेव्हा समोरच्याची चाल झाली की पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारायचा, माझ्या राजाला शह आहे काय. प्रत्येक चालीला, कंटाळा न करता.

हात लावला की चाल हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असते पण हाताला माहीत नसते. पारावर "थांब बे, ही नाही, ती चाललो" चालून जाते. माझं म्हणणं असं की टूर्नामेंटच्या दोन महिने आधीपासून गावातले सगळे डाव हात लावला की चाल या बोलीवर खेळा, आबांशीही, लहान पोरांशीही, कोणाला राग आला तरी चालेल. विचार करताना हात मांडीवर ठेवा. मोहरं नुसतं नीट ठेवायचं असेल तर आपली पाळी असताना आधी "अ‍ॅडजस्ट" म्हणायचं आणि मग हात लावायचा.

घड्याळासाठी मोबाईलवर चेस क्लॉकचं फुकट अ‍ॅप टाका आणि मोबाईल पटाच्या बाजूला मधोमध ठेवा. ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ, हे अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले. आपल्याकडच्या रविवारच्या टूर्नामेंट बहुतेक रॅपिड असतात, प्रत्येकाला दहा किंवा पंधरा मिनिटं आणि दर चालीला काही सेकंद वाढीव. रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) लांब डावांच्या स्पर्धेत साधारण दीड तास आणि दर चालीला तीस सेकंद असते, म्हणजे एक डाव साडेतीन-चार तासही जातो. पारावर खेळणाऱ्याची अडचण रॅपिडमध्ये वेळ संपण्याची आणि लांब डावात उलटी, दीड तास असून तो वीस मिनिटांत डाव खेळून मोकळा होते. मी स्वतः पहिल्या लांब डावात एक तास पाच मिनिटं शिल्लक ठेवून हरलो, आणि अजूनही आठवलं की वाटते, तो तास पटाकडे पाहण्यासाठीच दिला होता ना.

लांब डावात चाली लिहाव्या लागतात, रॅपिडमध्ये नाही. आमच्या पारावरच्या पटाला अक्षरं नव्हती, मी मार्करनं कडेला ए ते एच आणि १ ते ८ लिहून टाकलं, बसतानाच उजव्या हाताशी पांढरं घर. घोड्याला (इंग्रजीत Knight) एन लिहायचं कारण के राजाला (King) गेलं. प्याद्याला काहीच नाही, नुसतं घर, ई४. आठ दिवसांत येते. चाली लिहिलेला हा कागद पुढं फार कामाचा आहे, एक तर तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरी मागता येते आणि त्याचा पुरावा तोच असते. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आधी चाल करा, मग "ड्रॉ?" विचारा, मग घड्याळ दाबा. समोरचा विचार करत असताना विचारू नका, आणि सारखं सारखं तर नाहीच.

फोन. फोन बंद करायचा, पूर्ण बंद, आणि तोही आर्बिटर सांगतील तिथं बॅगेत किंवा टेबलावर द्यायचा, खिशात नाही. माझा एक हत्ती जास्त असलेला डाव अलार्मनं गेला, फोन सायलेंटवर होता पण बाराचा अलार्म मी लावून विसरलो होतो. बाकी दुकानाचे, फवारणीचे, बोअरचे फोन सकाळीच आटोपून घ्या, घरच्यांना सांगून ठेवा की आज संध्याकाळशिवाय लागणार नाही.

आता तिथली जोड्या लावायची पद्धत, कारण यानं बरेच लोक पहिल्याच दिवशी खचतात. याला स्विस म्हणतात, हरलं की बाहेर असं नसते, सगळ्या फेऱ्या सगळे खेळतात. यादी रेटिंगनं लावतात आणि पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातला एक आणि खालच्या अर्ध्यातला एक अशी जोडी. शंभर खेळाडू असले आणि तुमचा नंबर नव्वद असला तर समोर चाळीस नंबरचा. म्हणजे बिनारेटिंगचा माणूस पहिल्या फेरीत तगड्यासमोरच बसणार, ते तुमच्या नशिबानं नाही, पद्धतीनं आहे. पुढच्या फेऱ्यांत तुमच्याइतकेच गुण असलेले समोर येतात, मग खरा तुमच्या तोलाचा खेळ सुरू होते. पहिली फेरी हरून जेवायच्या आधी घरी निघून गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मला वाटते की बस स्टँडवर जाऊन त्याला परत आणावं. जोड्या आणि निकाल आजकाल चेस-रिझल्ट्सच्या साइटवर पडतात, पण भिंतीवरचा कागदही पाहून घ्या, टेबल नंबर आणि रंग दोन्ही.

समोर नऊ-दहा वर्षांचं पोरगं बसलं तर त्याला पूर्ण मान देऊन खेळा. विदर्भातली पोरं लय तयार आहेत, नागपूरनं रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता असे ग्रँडमास्टर दिले, ते सगळे कधी तरी अशाच हॉलमध्ये पाय न टेकणाऱ्या खुर्चीवर बसले असतील. हरलं की हात मिळवा, आणि जमलं तर विचारा की कुठं चुकलं. पोरं सांगतात, अगदी मनापासून सांगतात. मला हत्ती उरलेल्या डावाच्या शेवटाच्या दोन गोष्टी वर्ध्याच्या एका सातवीतल्या मुलीनं शिकवल्या.

रेटिंगबद्दल थोडक्यात. साध्या ओपनला (सगळ्यांना खुली, बिनारेटिंगची स्पर्धा) आधार कार्ड आणि प्रवेश फी पुरते. रेटिंग स्पर्धेला ऑल इंडिया चेस फेडरेशनची खेळाडू नोंदणी लागते, ती ऑनलाईन होते, आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका कारण आपल्याकडचं नेटवर्क आणि लाईट दोन्ही त्याच दिवशी जाते. रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या लोकांशी किमान पाच डाव लागतात, एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही. मला २०२३ मध्ये ११०० मिळाली होती. मार्च २०२४ ला फिडेनं (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेनं) सगळ्यात खालची रेटिंग १००० वरून १४०० केली, आणि २००० च्या आतल्या लोकांना २००० पासून जेवढं अंतर तेवढ्याचे ४० टक्के वाढवून दिले, म्हणून माझे ९०० चे ३६० मिळून १४६० झाले. नवीन खेळाडूच्या रेटिंगला तीस डाव होईपर्यंत हलायला मोकळीक जास्त असते, बरोबरीच्या माणसाला हरवलं तर २० मिळतात आणि हरलं तर २० जातात, त्यामुळे सुरुवातीला रोज ती पाहत बसू नका. रॅपिड, ब्लिट्झ आणि स्टँडर्डच्या रेटिंग वेगवेगळ्या असतात हेही माहीत असू द्या.

जायचं कसं हा गावातल्या माणसाचा खरा प्रश्न. मी आणि पुतणी पहाटेच्या एसटीनं निघतो, मुली-बायांना अर्ध तिकीट लागते म्हणून दोघांचा खर्च जमते. पण बस चुकली तर पहिली फेरी जाते, उशिरा पोचलं की तुमचं घड्याळ आधीच चालू असते, आणि ठरलेल्या वेळेपलीकडे गेलं की डाव समोरच्याला. लांबून यायचं असेल तर नियमपत्रक वाचा, काही स्पर्धांत आधी कळवलं तर एखाद्या फेरीला अर्ध्या गुणाचा बाय देतात, म्हणजे न खेळता अर्धा गुण. नागपूरच्या चार-पाच दिवसांच्या स्पर्धेला प्रवेश फीपेक्षा राहण्या-खाण्याचाच खर्च मोठा होते, म्हणून नातेवाईक असतील तिथलीच स्पर्धा निवडा, यात लाजायचं काही नाही.

खाणं हलकं. स्टँडवर तर्री पोहे समोर दिसतात आणि मन होते, पण मी वहीत लिहून ठेवतो आणि जेवणानंतरच्या फेरीत मी सगळ्यात जास्त हरलो आहे. आता डब्यात दोन पोळ्या, कोरडी भाजी, केळं, आणि मधल्या वेळात थोडे फुटाणे. टूर्नामेंट बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, हॉलमध्ये दोन कूलर आणि शंभर माणसं. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत लिंबू-मीठ-साखर, आणि डोक्याला दुपट्टा. कूलरच्या आवाजाची सवय नसेल तर घरी कूलर लावूनच सराव करा, हे मी अगदी खरं सांगतो, फरक पडते.

सराव काय करायचा म्हणाल तर ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं पाठ करू नका. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर फुकट कोडी आहेत, रोज वीस, आणि राजा-प्यादीच उरलेले डावाचे शेवट, आणि एका हत्तीनं मात. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव खेळले तर हात चालतो, डोळा थांबत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा आठवड्यात तीन लांब डाव पारावर, घड्याळ लावून, बाजूच्यांना न बोलण्याची ताकीद देऊन. आमच्याकडे बाजूला बसणारे आधी चिडले, "एवढं काय मनावर घेता बाप्पा", पण आता शिकलेत, डाव संपेपर्यंत तोंड बंद ठेवतात आणि मग एकदम सगळे बोलतात.

फेरी संपली की निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि बरोबर लिहिलं हे पाहून मगच उठा, एकदा चुकीचा निकाल चढला आणि पुढची जोडी लागली की तो बदलून घेणं फार कठीण जाते. हरल्यावर हॉलमध्ये बसू नका, बाहेर झाडाखाली जा, पाणी प्या. मागच्या उन्हाळ्यात पुतणी वजीर घालवून बाहेर आली, डोळे भरलेले, "काका, मले दिसलाच नाही तो उंट." मी काही समजावलं नाही, नुसता डबा उघडला. पुढची फेरी ती खेळली, एक तास बसली, आणि बरोबरी केली.

शेवटची गाडी सात वाजताची असते म्हणून बक्षीस समारंभ आम्हाला कधी पाहायला मिळत नाही. बसमध्ये लाईट असेपर्यंत आम्ही दोघं त्या दिवसाचे कागद काढतो आणि पट न मांडता एक एक चाल वाचतो, जिथं दोघांना वेगळं वाटते तिथं पेनानं खूण. कॉम्प्युटरला विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि फक्त खुणेच्या जागी. मग कागदावर तारीख, गाव, समोरच्याची रेटिंग लिहून फाईलला लावायचा. पुतणीच्या फाईलमध्ये आता त्रेसष्ट कागद आहेत.