इंग्लंडमध्ये आलात? आजारी पडायच्या आधी जीपीकडे नाव घाला

व्हिसाच्या अर्जाबरोबर इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज हे सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क भरलं (मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६), तरी दवाखान्यात आपोआप नाव लागत नाही. ते घराजवळच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, सर्जरीत आपणच घालायचं असतं. 'सर्जरी' म्हणजे इथे साधा दवाखाना. हाडांचा, त्वचेचा, हृदयाचा डॉक्टर गाठायचा तर बहुतेक वेळा जीपीचीच चिठ्ठी लागते, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.

एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून जवळच्या सर्जरी शोधा आणि ऑनलाइन किंवा कागदी अर्ज भरा. मंडळी अडतात ती इथेच. रिसेप्शनवर पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा मागतात. भाड्याच्या घराचं वीजबिल मालकाच्या नावावर, म्हणून माणूस हात हलवत परत येतो. परत येऊ नका. नोंदणीसाठी पत्त्याचा, ओळखीचा किंवा व्हिसाचा पुरावा सक्तीचा नाही. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. १४ दिवसांत ते देणं सर्जरीवर बंधनकारक आहे. यादी भरली आहे किंवा घर हद्दीबाहेर आहे, ही कारणं मात्र चालतात. मग दुसरी सर्जरी बघा.

अर्जात जुने आजार आणि चालू औषधं लिहा, पण भारतातली ब्रँडनावं नकोत. 'टेल्मा ४०' इथे कुणाला कळणार नाही. 'टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम' लगेच कळेल. मुलांच्या लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. इंग्रजीत अडचण असेल तर मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

घसा, कान दुखत असेल तर आधी फार्मसीत जा. अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट ठरलेल्या वयोगटांत स्वतः औषध देऊ शकतो. सर्जरी बंद असताना सल्ल्यासाठी १११ वर फोन करा, जिवावर बेतलं तर ९९९ वर. चिठ्ठीवरच्या दर औषधाला इंग्लंडमध्ये ९.९० पौंड पडतात (२०२५ चा दर). गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर ते माफ असतात, पण त्यासाठी सुईणीकडून किंवा जीपीकडून माफीचं प्रमाणपत्र काढून घ्यावं लागतं. ते न काढताच 'माफ' या रकान्यावर खूण केली तर दंडाचं पत्र येऊ शकतं.

लेकीच्या बाळंतपणाला आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतात, त्यांचं गणित वेगळं. जीपीला दाखवणं आणि अपघात विभागातले उपचार त्यांनाही मोफत आहेत. पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. भारताशी मोफत उपचारांचा करार नाही. ५०० पौंड किंवा जास्त बिल दोन महिने थकलं तर गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा अडकू शकतो. मधुमेह, रक्तदाब हे जुने आजार स्पष्टपणे धरणारा प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा, आणि औषधं मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीची आणायला सांगा.